त्या रात्रीचं सगळं आठवतं, माझ्या ऑपरेशनचं काहीच नाही

पत्र

मॅडम, माझे मिस्टर फौजेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आता वय 52. सर्व्हिसमध्ये असताना एका चकमकीत यांच्या शेजारचा माणूस गेला. त्यावर हे फारसं बोलत नाहीत, पण बोलतात तेव्हा बॅटरी कुणाच्या कुठल्या हातात होती इथपर्यंत सांगतात. आणि इकडे घरातलं काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. गॅस चालू राहतो, लाईटबिल दोनदा भरलं जातं, एकच गोष्ट दिवसात तीनदा विचारतात, आठवण करून दिली की स्वतःवरच चिडतात. रात्री दोन-तीनला दचकून उठतात, घोरणंही खूप आहे, झोप यावी म्हणून दोन पेग आणि कधीतरी जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी. मागच्या वर्षी माझं मोठं ऑपरेशन झालं. चारही रात्री हे दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून होते, घरी जा म्हटलं तरी गेले नाहीत. परवा विषय निघाला तर ऑपरेशन झालं एवढंच माहीत. डॉक्टर काय म्हणाले, मी काय बोलले, कुठला महिना होता, काही नाही. मुलगा म्हणतो बाबा सोयीस्कर विसरतात. सासूबाई म्हणतात वयाचं आहे. मला भीती वाटते की हा डिमेन्शिया आहे. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त येतो. ती एक रात्र वीस वर्षं राहते आणि माझ्या चार रात्री राहत नाहीत, मग मी यांच्या आयुष्यात आहे कुठे?

उत्तर

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं प्रश्न विसराळूपणाचा आहे, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर येऊन थांबले. गॅस, लाईटबिल, डिमेन्शिया सगळ्यावर बोलूच, पण आधी ते चार रात्रींचं, कारण ते डोक्यात तसंच घोळत राहिलं तर बाकीचं तुम्ही वाचाल पण आत काही जाणार नाही, आणि तुमच्या मिस्टरांचं नेमकं हेच होतंय.

जिवावर बेततं ना, तेव्हा शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग, ज्याचं कामच धोका ओळखणं, तो बाकीच्या मेंदूला सांगतो की हे पक्कं ठेव, पुन्हा लागेल. यात माया, नातं, आवडनिवड याचा काडीचा संबंध नाही. तुम्ही त्या रात्रीकडे सवतीसारखं बघताय, पण ती त्यांनी जपून ठेवलेली नाहीये हो, ती अंगाला चिकटलीय, आणि सोलून काढता आली असती तर त्यांनी केव्हाच काढली असती.

मग तुमच्या चार रात्री का नाही राहिल्या? एक किस्सा सांगते. माझ्याकडे एक जोडपं यायचं, गृहस्थ रिटायर्ड फौजीच. बायकोची तक्रार अशी की यांना दुकानात तीन वस्तू आणायला पाठवलं की एक आणतात, कधी कधी तीही नाही. मी त्यांना म्हटलं, काल दुकानात गेलात तेव्हा काय काय झालं ते सांगा बरं. तर म्हणाले, दारात दोघं उभे होते, त्यातल्या एकाने हेल्मेट काढलं नव्हतं, मागचं शटर अर्धं खाली होतं, काउंटरवरचा पोरगा सारखा मोबाईल बघत होता, बाहेर पांढरी गाडी, इंजिन चालू, आत एकच माणूस. बायको त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मी विचारलं, आणि आणायचं काय होतं? ते हसले, म्हणाले, तेवढं मात्र विचारू नका.

आता याला स्मरणशक्ती गेली म्हणायचं का? त्या माणसाने सात-आठ मिनिटांत जेवढं टिपलं तेवढं तुम्ही-मी दिवसभरात टिपत नाही. फक्त त्याचं सगळं लक्ष पहाऱ्यावर होतं, आणि जिथे लक्ष नाही तिथे आठवण तयारच होत नाही, ती नंतर हरवते वगैरे असं काही नसतं, ती आत आलेलीच नसते. पीटीएसडी, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा धक्का वर्षानुवर्षं मनातून न जाण्याचा आजार, आणि तुमच्या पत्रावरून मला त्याचीच शंका येते. त्यात विसरणं म्हणतो त्यातला मोठा भाग हा असतो. माणूस घरी येतो, युनिफॉर्म कपाटात जातो, पण आतला पहारेकरी ड्यूटीवरून उतरतच नाही. दाराचा आवाज झाला, बघ. मागून कोण आलं, बघ. आणि याच वेळी बायको सांगत असते की उद्या बँकेत जायचंय, पासबुक घेऊन. ते कानावर पडतं, हो म्हटलं जातं, आणि संपलं.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. इराकच्या युद्धावर गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या जाण्याआधी आणि आल्यावर टेस्ट घेतल्या होत्या, 2006 मध्ये तो अभ्यास छापून आला. न गेलेल्या सैनिकांशी तुलना केली तर परत आलेल्यांचं टिकून लक्ष देणं, नवीन शब्द लक्षात ठेवणं हे कमी पडत होतं, पण एका गोष्टीत ते पुढे होते, झटपट रिअ‍ॅक्ट करण्यात. म्हणजे बघा, जे तिकडे जिवंत राहायला लागतं ते धारदार झालं आणि जे इकडे संसाराला लागतं ते बोथट. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात माणूस बिघडला असं नाही दिसत, माणूस दुसऱ्या कामासाठी ट्यून झालाय असं दिसतं.

पण पहारा हे अर्धंच. तुमच्या पत्रावरून मला डिप्रेशनचाही वास येतो (पत्रावरून निदान होत नसतं, मी सायकिएट्रिस्ट नाही, काउन्सेलर आहे, तेव्हा हे अंदाज म्हणून घ्या). पीटीएसडी आणि डिप्रेशन ही जोडगोळी फार कॉमन आहे आणि दोन्ही मिळून स्मरणाची वेगवेगळ्या बाजूने वाट लावतात. पीटीएसडीत लक्ष दुसरीकडे असतं. डिप्रेशनमध्ये लक्ष द्यायला बळच नसतं. काहीच महत्त्वाचं वाटत नाही तर मेंदू कशाला मेहनत घेईल साठवायची, आणि साठवलेलं असलं तरी शोधून काढायचा कंटाळा, त्यामुळे काहीही विचारा, उत्तर एकच, माहीत नाही, आठवत नाही, सोड ना.

यातच एक प्रकार आहे जो घरच्यांना सगळ्यात जास्त लागतो आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. माणसाला आठवतं, पण ठोक आठवतं, किरकोळ आठवत नाही. म्हणजे सुट्टीवर यायचो तेव्हा बरं वाटायचं, हे आठवतं. कुठली सुट्टी, कुठला दिवस, कोण काय बोललं, हे नाही. ऑपरेशन झालं होतं, हे आठवतं. पुढे काही नाही. ओळखीचं वाटतंय ना? डिप्रेशनमध्ये हे होतं हे 1980 च्या दशकापासून माहीत आहे, आणि मग रिचर्ड मॅकनॅली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांना घेऊन तेच तपासलं. एक शब्द द्यायचा आणि त्यावरून आयुष्यातला एक ठरावीक प्रसंग सांगायचा, एवढंच काम. पीटीएसडी असलेल्यांना ते जड गेलं. आणि त्यातही सगळ्यात जड कुणाला गेलं माहितीये, जे लॅबमध्ये येताना युद्धातले कपडे, मेडल्स वगैरे घालून आले होते त्यांना. युद्ध संपून वीस-पंचवीस वर्षं झाली होती तेव्हा. हे वाचलं तेव्हा मला माझ्याकडे येणारे तीन-चार चेहरे लगेच दिसले.

का होतं असं, तर एक कारण असं मानतात की एखाद्या प्रसंगाच्या जवळ गेलं की त्याच्या शेजारची नको ती आठवणही उघडते, मग मन शिकतं की तपशिलात जायचंच नाही, वरवरूनच फिरायचं. वाईटाबरोबर चांगलंही जातं. एका काकांना मी विचारलं होतं, मुलगी लहान असतानाचा एक दिवस सांगा. म्हणाले, लाडकी होती. मी म्हटलं, हो, पण एक दिवस. म्हणाले, घरी असलो की खेळायचो तिच्याशी. असं चार वेळा झालं, माणूस घामाघूम. पाचव्या वेळी बराच वेळ गप्प बसले आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत म्हणाले, सायकलची चेन पडली होती, मी बसवत होतो, हात काळे झाले होते आणि ती म्हणाली बाबा माझ्या नाकाला लाव, तर मी लावलं. बास, एवढंच. पण ते सांगून झाल्यावर त्यांचा चेहरा असा होता की जणू खिशात विसरलेली नोट सापडली. त्यामुळे ताई, नाही आठवत याचा अर्थ दर वेळी नाहीच आहे असा नसतो. थेट चालून गेलं तर दार लागतं, हळू गेलं तर कधी कधी उघडतं.

आणि ती रात्र, जी म्हणे लख्ख आठवते, तिच्याबद्दलही एक सांगून ठेवते, पण हे तुमच्यापुरतं, त्यांच्या तोंडावर मारायला नाही. ती जेवढी लख्ख वाटते तेवढी अचूक असेलच असं नाही. 1991 च्या आखाती युद्धातून आलेल्या 59 अमेरिकन सैनिकांना परतल्यावर एका महिन्याने आणि मग दोन वर्षांनी तेच 19 प्रश्न विचारले होते, अमुक पाहिलंत का, तमुक झालं का. 88 टक्के लोकांचं निदान एक तरी उत्तर बदललं. ज्यांचा त्रास जास्त त्यांच्या आठवणीत नंतर भरही जास्त पडलेली. कुणी खोटं बोलत नव्हतं. म्हणून बॅटरी मागच्या वेळी डाव्या हातात होती म्हणालात की, असं चुकूनही म्हणू नका. तिथे पुरावा तपासायचा नसतो.

आता डिमेन्शिया. तुम्हाला नुसतं काळजी करू नका म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल, तेव्हा आकडाच देते. अमेरिकेत 55 च्या पुढच्या 1,81,093 माजी सैनिकांच्या नोंदी तपासलेला अभ्यास 2010 मध्ये आला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाच डिमेन्शिया नव्हता. सात वर्षांत पीटीएसडी असलेल्यांपैकी 10.6 टक्के लोकांना तो झाला, नसलेल्यांपैकी 6.6 टक्के. म्हणजे धोका वाढतो हे खरं. पण शंभरातल्या एकोणनव्वद जणांना त्या काळात झाला नाही हेही तितकंच खरं, आणि ते सगळे तुमच्या मिस्टरांपेक्षा वयाने मोठे होते.

डॉक्टर काय बघतील ते सांगते. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर हातात असलेलं काम जमेनासं होणं, साध्या वस्तूंची नावं न येणं, आणि विसरतोय याची स्वतःलाच खबर नसणं, घरचे घाबरलेत आणि हा म्हणतोय मला काय झालंय. हे दिसलं तर उशीर करू नका. तुमच्याकडे उलट आहे, ते स्वतः ओळखतात आणि स्वतःवर चिडतात. मला त्या चिडण्यात थोडा दिलासा दिसतो, पण थोडाच, कारण नियम म्हणून हे वापरता येत नाही, दोन्ही एकत्रही असू शकतं. एकच प्रश्न तीनदा विचारणं हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. वयाचं आहे म्हणून तर सोडूच नका, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा पण 52 हे काही वय नव्हे.

मेंदूच्या फोटोबद्दल कुणी ना कुणी तुम्हाला ऐकवेलच म्हणून सांगते. आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग पीटीएसडीत लहान होतो, असं 1995 च्या एका एमआरआय अभ्यासापासून बोललं जातं, व्हिएतनामच्या सैनिकांमध्ये उजव्या बाजूचा सरासरी 8 टक्के लहान दिसला होता. पण मग 2002 मध्ये जुळ्या भावांचा अभ्यास आला, एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरीच, आणि ज्याला जास्त पीटीएसडी त्याच्या घरी राहिलेल्या भावाचाही तो भाग लहानच निघाला. म्हणजे निदान काही जणांत तो आधीपासूनच लहान होता आणि त्यामुळे धक्का जास्त बसला. तेव्हा मेंदू झिजत चाललाय वगैरे कुणी म्हटलं तर सोडून द्या.

त्यापेक्षा ज्या गोष्टी दुरुस्त होतात त्या बघा ना. तुम्ही पत्रात एका वाक्यात टाकून दिलंय, घोरणं, दोन पेग, जुन्या चिठ्ठीची गोळी. ताई, माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे! दिवसभराच्या आठवणी पक्क्या होतात त्या झोपेत. जो माणूस रात्री दोन-तीनला दचकून उठतो त्याचं ते काम रोज अर्धवट राहतं. खूप घोरणं म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, झोपेत श्वास अडकतो, ऑक्सिजन कमी पडतो, आणि सकाळी डोकं जड. त्याची टेस्ट असते, मशीन असतं, उपचार होतो. दारूने डोळा लागतो पण झोप मोडकी होते, आणि आठवण तयार व्हायच्या कामात ती थेट आडवी येते. आणि झोपेच्या गोळ्यांमध्ये बेन्झोडायझेपीन नावाची जात असते, त्यांनी स्मरण मंदावतं, सवय लागते, आणि पीटीएसडीसाठी त्या देऊ नयेत असंच गाईडलाईन्स सांगतात. वर दारू असेल तर श्वासालाही धोका. पण ऐकून लगेच गोळ्या फेकून देऊ नका हं, रोज घेत असतील तर एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते, तेच दारूचंही, रोजची सवय असेल तर डॉक्टरांना विचारूनच कमी करायची.

कान तपासा. तोफा-बंदुकांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला ऐकू कमी येणं अगदी नेहमीचं, आणि तो ते मान्य करत नाही, नुसता हो हो म्हणतो. माझ्याकडच्या एकांचं निम्मं विसरणं कानाच्या मशीनने गेलं, बायको अजून हसते. डोक्याला कधी मार लागला होता का, स्फोटाच्या जवळ होते का, त्यानंतर थोडा वेळ काही कळत नव्हतं का, हे विचारून ठेवा, बऱ्याच जणांनी ते कधी नोंदवलेलंच नसतं. थायरॉईड आणि बी 12 साध्या रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार, की रिटायर झाल्यावरच का वाढलं. मला वाटतं यात मोठा वाटा फौजेचाच आहे, चांगल्या अर्थाने. तिथे लक्षात ठेवायला लागतच नाही! उठायचं कधी, कुठे जायचं, काय घालायचं, कुणाला रिपोर्ट करायचा, सगळं लिहिलेलं, बोर्डावर लावलेलं, वर दोन माणसं विचारणारी. शेजारचा बडी विसरू देत नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्याच्या डोक्याचं अर्धं काम युनिट करत होतं त्याचं युनिट एका दिवशी काढून घेतलं. त्यात हाताला काम नाही, दिवस रिकामा, आणि रिकाम्या दिवसात जुनं वर येतं. रिटायरमेंटनंतर, आजारपणात, जवळचं कुणी गेल्यावर वर्षानुवर्षं दबलेलं युद्ध डोकं वर काढतं हे अभ्यासकांनीही लिहिलंय.

म्हणून घरात मी सांगेन ते फौजी पद्धतीचं. भिंतीवर एक बोर्ड, रोज सकाळी त्यावर त्या दिवसाची ऑर्डर, आणि ती त्यांनीच लिहायची, तुम्ही नाही. किल्लीला एकच हुक. बिलं ऑटो पेमेंटवर. गॅस लावला की त्याच हाताने मोबाईलचा टायमर, ही ड्रिल समजून रोज करायची, आठवलं तरच असं नाही. सांगायचं असेल तेव्हा समोर जा, मागून हाक नको, नावाने बोलवा, टीव्ही बंद, एका वेळी एकच गोष्ट, आणि त्यांच्या तोंडून परत वदवून घ्या, वायरलेसवर मेसेज घेतल्यावर परत म्हणून दाखवतात ना तसं. हे त्यांना अपमान वाटणार नाही, उलट ओळखीचं वाटेल. आणि कृपा करून परीक्षा घेऊ नका. सांगा बरं काल कोण आलं होतं, आठवतंय का मी काय म्हणाले होते, हे बंद. प्रत्येक नापास होण्याबरोबर डिप्रेशनला एक पुरावा मिळतो.

खरा इलाज मात्र बोर्ड नाही, पीटीएसडी आणि डिप्रेशनवरचा उपचार हाच. यासाठी खास बोलण्याच्या थेरपी आहेत, प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ईएमडीआर, साधारण दोन-चार महिन्यांचं काम असतं, जन्मभराचं नाही. औषधांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन ही नावं तुमच्या कानावर पडतील, काय द्यायचं ते सायकिएट्रिस्ट ठरवतील, आणि असर दिसायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत काही नाही झालं म्हणून सोडायचं नाही. त्रास कमी झाला की लक्ष सुटं होतं आणि स्मरण बऱ्याच जणांचं सुधारतं. पूर्ण पहिल्यासारखं सगळ्यांचं होत नाही, काहींना मन बरं झाल्यावरही लक्ष एका जागी ठेवायला मेहनत पडते, ते आत्ताच सांगते म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको.

न्यायचं कसं हा पुढचा डोंगर. मानसिक म्हटलं की फौजी माणूस हलत नाही. झोप म्हणा. घोरण्याने मला झोप येत नाही, एकदा दाखवून घेऊ, म्हणा, हे खोटंही नाही. झोपेच्या दाराने आत गेलेले माझ्या पाहण्यात बरेच आहेत. युनिटमधला एखादा जुना मित्र, जो स्वतः जाऊन आलाय, तो सापडला तर तुमच्या-माझ्या शंभर वाक्यांपेक्षा त्याचं एक भारी. माजी सैनिकांसाठी वेगळी सोय असेल तर तिथे जा, त्यांना ही भाषा समजते. आणि एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा, सरळ, डोळ्यात बघून: जगू नये असं वाटतं का कधी? विचारल्याने डोक्यात घातलं जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. मी नसतो तर बरं झालं असतं, अशा धर्तीचं काही निघालं तर त्याच दिवशी मदत घ्या, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरात शस्त्र असेल तर काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात द्या, गोळ्यांचा साठाही.

मुलाला हे वाचायला द्या. सोयीस्कर विसरतात हे शंभर वर्षांपासून म्हटलं जातंय. चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, शेल शॉक (तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांचा त्रास) या नावाने पहिला लेख लिहिला, तीन सैनिकांबद्दल, आणि त्याच्या शीर्षकातच स्मृती जाणं हा शब्द होता. तेव्हाही बरेच जण म्हणायचे ढोंग आहे, भित्रे आहेत. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात यायला 1980 उजाडलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. मुलाचा राग समजतो मला, त्याच्या लहानपणातलं बाबांना काही आठवत नसेल तर त्याला लागणारच. त्यालाही एखादा दिवस तपशिलात सांगू दे बाबांना, विचारू नको, सांगू दे. बाबा, तुम्ही हे केलंत, तुमचा शर्ट असा होता, मी असं म्हणालो. त्यांना आठवलं तर आठवलं.

तुम्ही थकलायत हे ओळीओळीत दिसतंय. दोन माणसांची डोकी एकटीने चालवताय, वर ऑपरेशननंतरचं शरीर. आठवड्यातले काही तास तरी घर मुलावर सोपवा, आणि राग येतो याची लाज वाटून घेऊ नका, मलाही आला असता.

डॉक्टरकडे जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि दोन आठवड्यांची एक वही, काय विसरले, कधी, आदल्या रात्री झोप किती, पेग किती.

आणि त्या चार रात्रींचं. मी वर म्हटलं परीक्षा घेऊ नका, पण ही एक घ्या, हसतखेळत. डॉक्टर काय म्हणाले ते नका विचारू. विचारा की हॉस्पिटलच्या त्या खोलीचं दार आत उघडायचं की बाहेर, रात्रपाळीच्या नर्स किती होत्या, जिना कुठल्या बाजूला होता, किती वाजता कोण आत यायचं. तुम्हीच लिहिलंयत ना, चारही रात्री दाराकडे तोंड करून बसले होते. ते काय सांगतात ते मला नक्की कळवा.